चुलीकडे तोंड केलेली तोफ

मित्रांनो, या बागेत जिच्या पाठीवर बसून तुम्ही घोडा घोडा करता आणि शेंगांची टरफलं जिच्या तोंडात कोंबता, ती मी. रागावलेली नाही. आजवर माझ्या तोंडात जे जे कोंबलं गेलं, त्यात तुमची टरफलं सगळ्यांत निरुपद्रवी आहेत.

माझा जन्म कोल्हापुरातच, गंगावेशीजवळच्या एका ओताऱ्याच्या भट्टीत झाला. एक फुटकी घंटा, दोन तडकलेले हंडे आणि बुडाला भोकं पडलेल्या अकरा पराती वितळवून मला ओतलं. त्यामुळे माझा आवाज देवळातला आणि जीव स्वयंपाकघरातला. नाव मात्र ठेवलं शत्रुमर्दिनी. शत्रू कसा दिसतो ते मला अजून ठाऊक नाही.

खांबोळीच्या जहागीरदारांनी मला हौसेनं नेलं. खांबोळी म्हणजे कोल्हापूर दरबाराखालची, दक्षिणेकडची अकरा गावांची जहागीर. मधे एक ओढा, आणि ओढ्यापलीकडे वडरगीचं संस्थान. त्यांची गावं नऊ, पण त्यांच्याकडे तोफ नव्हती. अलीकडच्या बाईनं हाक मारली तर पलीकडची बाई मीठ घेऊन यायची, एवढंच काय ते दोन राज्यांमधलं अंतर.

मी तिथं पोचले आणि थोड्याच दिवसांत इंग्रज साहेबाशी तह झाला. तहात लिहिलं होतं की खांबोळीनं तोफ ठेवावी, दारू ठेवावी, पण गोळा घालू नये. शेजाऱ्याशी लढू नये. आणि साहेबाला विचारल्यावाचून शेजाऱ्याला पत्रसुद्धा लिहू नये. लढायचं नाही हे एक वेळ समजू शकतं. पण बोलायचंही नाही म्हटल्यावर शेजाऱ्यानं शेजाऱ्याचं करायचं तरी काय? माझे सात लोखंडी गोळे कारभाऱ्यांच्या लाकडी पेटीत गेले, वर लाखेची मोहोर बसली, आणि मी सलामीची तोफ झाले.

साहेबाच्या यादीत आमच्या जहागिरीला एकाही तोफेची सलामी नव्हती. म्हणून जहागीरदारांनी घरच्या घरी पाच ठरवून घेतल्या. दसऱ्याला पाच. जहागीरदार कोल्हापूरहून गावी आले की पाच. १८९४ साली कोल्हापुरात नवे महाराज गादीवर बसले, तेव्हाही खांबोळीच्या माळावर मी पाच वेळा गरजले. चाळीस वर्षांत एक नाही, सहा नाही. नेहमी पाच.

माझा गोलंदाज मीरासाब. त्याच्या आजानं मला पहिली बत्ती दिली होती, आणि या चाकरीसाठी त्यांच्या घराला दोन बिघे जमीन इनाम होती. बरोबर कुंचा मारायला ज्ञानू. एक बार झाला की ज्ञानूनं ओला कुंचा तीनदा फिरवायचा, मीरासाबनं दारूची थैली घालायची, वर काथ्याचा बोळा, मग ठासणी, मग माझ्या कानात बत्ती. तोफेच्या मागच्या बाजूला बत्ती द्यायचं जे बारीक भोक असतं ना, त्याला कान म्हणतात. दोघांच्यात बोलणं व्हायचं नाही. पाचवा बार झाला की मीरासाब माझ्या पाठीवर ओलं फडकं टाकायचा आणि म्हणायचा, "झालं बाई तुजं." फडकं पडेपर्यंत त्या दोघांचे हात थांबायचे नाहीत. बैलाला जशी मोट, तशी त्यांना ती पाच.

मीरासाबची एकुलती लेक नजीरा. तिला दिली होती ओढ्यापलीकडे, वडरगीच्या चौकीवरच्या अल्लाउद्दीन शिपायाला. चौकी आणि त्यांचं घर यांची भिंत एकच. तेव्हा या लग्नात परराष्ट्र व्यवहार आहे असं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. वरात गुडघाभर पाण्यातून गेली, इतकंच.

मग एका पावसाळ्यात ओढ्यानं पात्र बदललं. खांबोळीचं गवताचं कुरण होतं अलीकडे, ते झालं पलीकडे. वडरगी म्हणाली, ओढा ही हद्द, तेव्हा कुरण आमचं. खांबोळी म्हणाली, ओढा चुकला म्हणून हद्द चुकत नाही.

आमचे कारभारी गणपतराव. ते वकिलीच्या परीक्षेला तीनदा बसले होते आणि तिथून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन परतले होते. राष्ट्राराष्ट्रांनी एकमेकांशी कसं वागावं, याचं ते पुस्तक. अकरा गावांच्या जहागिरीत त्या पुस्तकाला काम मिळत नव्हतं. ओढा सरकला त्या दिवशी गणपतरावांच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटला, तो मी त्यांच्या पोराच्या मुंजीतही पाहिला नव्हता. पुस्तकात लिहिलं होतं, नदी हळूहळू सरकली तर हद्द तिच्याबरोबर सरकते, एकाएकी सरकली तर हद्द जागीच राहते. चौकशी बसली. ओढ्याकाठची म्हातारी तानाबाई साक्षीला आली.

"आजी, ओढा हळू सरकला की एकाएकी?"

"आमी कुळीथ काडाय गेलतो. आलो तर त्यो तिकडं."

"म्हणजे एकाएकी?"

"आता कुळीथ काडाय किती दीस लागत्यात, ते तुमास्नी कुटलं ठावं असायला! बसून खानारं तुमी."

गणपतरावांनी "एकाएकी" असं लिहून घेतलं.

मग खलिता निघाला. तो ओढा ओलांडून जाऊ शकत नव्हता, तहाची मनाई. तो कोल्हापूरला गेला, तिथून साहेबाकडे, तिथून दुसऱ्या साहेबाकडे, आणि चार महिन्यांनी वडरगीला पोचला. उत्तर त्याच वाटेनं उलटं आलं. तोवर दोन्ही बाजूंना हुकूम झाला की सगळं जैसे थे ठेवावं, कुरणात कुणी शिरू नये. हा हुकूम जनावरांना कुणी वाचून दाखवला नाही. आमची अडतीस गुरं कुरणात शिरली आणि वडरगीनं ती कोंडवाड्यात घातली. खांबोळीनं ओढ्यावर पहारा बसवला. येणं बंद, जाणं बंद, मीठ बंद.

आणि नजीराला सातवा सरून आठवा लागला होता.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हा तहाहून जुना कायदा. तिची आई मेहमुदा हिनं पाळणा धुऊन टांगला होता. मीरासाब गणपतरावांकडे गेला. मी कचेरीच्या दारातच उभी असे, त्यामुळे सगळं ऐकलं.

"लेकीला आनायची हाय, राव. गाडी नेतो, गाडी आनतो."

"अरे बाबा, ती आता परक्या राज्याची प्रजा. परवाना लागेल. अर्ज दे, मी कोल्हापूरला पाठवतो."

"किती दीस लागतील?"

"चार महिने धर."

"राव, तिला चार म्हैने न्हाईत की."

गणपतराव गंभीर झाले. "कायद्याला घाई चालत नाही, मीरासाब."

बाळंतपणाला उशीर चालत नाही, हे मात्र त्यांच्या पुस्तकात नसावं.

गुरं काही सुटेनात. तेव्हा गणपतरावांनी नवं पान उघडलं. त्यात लिहिलं होतं की बोलण्याला वजन यायला पाठीशी बळ दिसावं लागतं. ते बळ म्हणजे मी. चार बैल जोडून मला ओढ्याच्या काठावर नेलं आणि वडरगीच्या चौकीवर माझं तोंड लावलं.

"भिऊ नका," गणपतराव जमलेल्या लोकांना म्हणाले, "तोफ डागायची नसते, दाखवायची असते."

दुपारी पाण्याला बायका आल्या. पलीकडच्या काठावर नजीरा घागर घेऊन उभी राहिली. पोटामुळे तिला वाकता येत नव्हतं.

"बाबा, तुमच्या तोफंचं त्वांड आमच्या चुलीकडं का हाय?"

"चुलीकडं न्हाय बाळा, चौकीकडं हाय."

"भित एकच हाय की."

मीरासाबनं माझ्याकडे पाहिलं. "सरकारी काम हाय. नुसती दावायची हाय."

"मग सरकारास्नी म्हनावं, चुलीवर भाकरी हाय, फौज न्हाय." आणि निघता निघता म्हणाली, "आईला सांगा, पाळना उतरून ठेव म्हनावं. धूळ बसंल."

ती अर्धी घागर घेऊन गेली. मीरासाब दिवेलागणीपर्यंत तिथंच बसून राहिला.

दाखवून आठ दिवस झाले. वडरगी काही घाबरेना. मित्रांनो, दाखवण्याची गंमत अशी की ती एकदा केली की मागे घेता येत नाही. मला परत न्यावं तर लोक हसणार, तिथंच ठेवावं तरी हसणार. गणपतरावांनी निर्वाणीचा इशारा द्यायचं ठरवलं. पण पत्राला तर मनाई. त्यांनी तह पुन्हा वाचला आणि त्यांना दिसलं की मनाई पत्राला आहे, दवंडीला नाही. मग आमच्या बाजूच्या काठावर उभं राहून आमच्याच लोकांना दवंडी दिली गेली, फक्त तोंड पलीकडे करून. उद्या माध्यान्हीपर्यंत गुरं सोडा, नाही तर तोफ डागू. पलीकडून वडरगीचे कारभारी बाळासो यांनी आपल्याच लोकांना मोठ्यानं सांगितलं की असल्या दवंड्यांना भीक घालू नका.

दुसऱ्या दिवशी गणपतराव पेटी घेऊन आले. लाख फोडली. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच माझा एक गोळा उजेडात आला. तांबेरलेला, पोराच्या डोक्याएवढा.

"राव," मीरासाब म्हणाला, "तहात न्हाय बसत ह्ये."

"बसतं. गुरं आपली, म्हणजे हे स्वसंरक्षण. एक गोळा म्हणजे ताकीद. दोन झाले तर युद्ध. तू एकच टाक."

"आन् चुकून घरावर पडला तर?"

"चुकलेला गोळा हा हेतू धरला जात नाही."

"पोरगी हाय माजी तितं."

गणपतराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "तू नाही म्हणालास तर इनाम जाईल, आणि बत्ती ज्ञानू देईल. ज्ञानूला नेम धरता येतो का?"

ज्ञानू म्हणाला, "मला कुंच्याबिगर काय येत न्हाय."

मीरासाबनं गोळा हातात घेतला. तळव्यावर तोलला. मग अगदी साध्या आवाजात बोलला, "राव, म्हातारी हाय ही. चाळीस वर्सांत गोळा खाल्ला न्हाय. फुटली तर पन्नास पावलं काय ऱ्हायचं न्हाय. तुमी त्या बाभळीमागं गाडीत बसा. कानात कापूस घाला."

पन्नास पावलं ऐकून गणपतराव शंभर पावलं गेले. पेटी, पुस्तक आणि तह बरोबर नेला. लोकही बांधामागे गेले. उरलो आम्ही तिघं. मीरासाबनं डोक्याचा पटका सोडला, गोळा त्यात गुंडाळला आणि माझ्या चाकामागे ठेवला. ज्ञानूनं पाहिलं आणि आभाळाकडे बघू लागला. मग दारू, बोळा, ठासणी. पलीकडे चौकीत सामसूम होती, आणि चुलीचा धूर बंद होता.

बार झाला. सगळा ओढा हादरला. गणपतरावांच्या गाडीचे बैल उधळले ते कोल्हापूरच्या वाटेनं पळत सुटले. पेटी, पुस्तक, तह, गणपतराव, सगळं एका वेगानं दिसेनासं झालं.

इथंच व्हायचं ते झालं. ज्ञानूनं सवयीनं ओला कुंचा तीनदा फिरवला. कुंचा बाहेर आला की मीरासाबचा हात थैलीकडे जातो. तो गेला. त्याचे डोळे पलीकडच्या घराकडे लागले होते, आणि हात माझ्याकडे होते. त्या हातांना एक बार ठाऊकच नव्हता. दुसरा झाला. तिसरा झाला. धुरात थांब म्हणणारा कुणी उरलेलाच नव्हता. पाचवा झाला, आणि मीरासाबनं माझ्या पाठीवर ओलं फडकं टाकलं. "झालं बाई तुजं," तो म्हणाला, आणि मग आपण काय केलं ते त्याच्या ध्यानात आलं.

पलीकडे पहिल्या बाराला सगळी वडरगी पालथी पडली होती. दुसऱ्याला लोकांनी माना वर केल्या. काहीच पडलं नव्हतं. तिसऱ्याला कारभारी बाळासो उठून बसले आणि बोटांवर मोजू लागले. पाच मोजून झाल्यावर ते उभे राहिले आणि त्यांनी पागोटं सरळ केलं. वडरगीला आजवर कुणी एका तोफेचीसुद्धा सलामी दिली नव्हती. सरळ पाच! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे.

तासाभरात अडतीस गुरं ओढ्यातून परत आली, शिंगं रंगवून. मागून नारळ, हार, आणि त्यांच्या मागून बैलगाडीत नजीरा. तिसऱ्या दिवशी माहेरी तिला मुलगी झाली. नाव ठेवलं मदिना. खांबोळीत साखर वाटली गेली, आणि दोन दिवसांनी परतलेल्या गणपतरावांनी दरबाराला कळवलं की बळ आणि बोलणी यांच्या योग्य मिलाफानं प्रश्न सुटला.

मित्रांनो, गोष्ट इथं संपली असती तर मी आज बागेत नसते.

दोन महिन्यांनी कोल्हापुरात हद्दीची सुनावणी झाली. मला मुद्देमाल म्हणून आणलं. वडरगीच्या वकिलानं म्हटलं, खांबोळीच्या सरकारी तोफेनं, कारभाऱ्यांच्या देखत, ओढ्याच्या काठावर उभं राहून आम्हांला पाच तोफांची सलामी दिली. सलामी हद्दीवर देतात. म्हणजे नवा ओढा हीच हद्द, हे खांबोळीनंच मान्य केलं. त्यानं आधाराला एक पुस्तक काढलं. गणपतरावांनी ते ओळखलं. त्यांच्याकडच्या प्रतीत त्याच पानाला त्यांनी स्वतः खूण घातलेली होती.

गणपतरावांपुढे दोन वाटा होत्या. ती सलामी नव्हती म्हणावं, तर तह मोडून शेजाऱ्यावर तोफ डागली हे कबूल करावं लागणार आणि जहागीर जाणार. सलामी होती म्हणावं, तर कुरण जाणार. साहेबानं मीरासाबला उभं केलं आणि शपथ दिली.

"गोळा होता का?"

"न्हवता, सायेब."

पेटी उघडली. गोळे सात. मीरासाबनं चाकामागचा गोळा गणपतराव परतले त्या दिवशीच त्यांच्या हवाली केला होता, आणि त्यांनी तो गुपचूप परत ठेवला होता.

"आणि बार किती?"

मीरासाब खोटं बोलू शकत होता. त्यानं गणपतरावांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पाच," तो म्हणाला.

कुरण गेलं. युद्ध टाळल्याबद्दल गणपतरावांना शेला मिळाला. त्या उन्हाळ्यात खांबोळीत गवताची काडी उरली नाही, आणि शिंगं रंगवून परत आलेल्या अडतीस गुरांतली निम्मी मेली. ज्ञानूनं बैल विकले आणि तो कोल्हापूरला हमाली करायला आला. तानाबाईनं पाणवठ्यावर मीरासाबला गाठलं. "लेकीसाटनं गावाचं कुरन घालवलंस रं," एवढंच म्हणाली आणि घागर उचलून निघून गेली. ती काही खोटं बोलत नव्हती, हेच वाईट.

माझ्या बाबतीत हुकूम झाला, कान बंद करून कोल्हापुरातच ठेवावी. कानात खिळा ठोकायचं काम गोलंदाजाचंच. तोफ गेली म्हणजे इनामही गेलं. त्याच आठवड्यात नातीचे कान टोचले होते. तिच्या कानाला लावलं तसं बोटभर तेल मीरासाबनं माझ्याही कानाला लावलं, आणि मगच हातोडा उचलला.

शेजारी नजीरा पोरीला घेऊन उभी होती. सासरी परत जायला निघाली होती, बापाला भेटायला म्हणून वाट वाकडी करून आली होती.

"बाबा, एक इचारू? गोळा घालायचा न्हाय, ह्ये तुमी कवा ठरिवलं?"

"हातात घेतला तवा."

"मग एखादी हाळी मारायची. नुसतं हात हालवायचं."

"गनपतरावानं बगितलं असतं, बाळा."

"व्हय." ती पोरीला थोपटत राहिली. "तुमास्नी ठावं हुतं. मला न्हवतं. मी परात पोटावर धरून भितीला टेकून बसले हुते. पाच डाव."

मीरासाबनं खिळा माझ्या कानावर टेकवला. त्यानं हातोडा मारला, आणि मला पुढचं ऐकू आलं नाही.

मित्रांनो, माझी विनंती फार मोठी नाही. मला घासू नका, रंग देऊ नका, दसऱ्याला हार घालू नका. टरफलं खुशाल टाका. पण मला ज्यानं इथं बसवलं, त्यानं माझं तोंड समोरच्या आळीकडे केलं आहे. तिसऱ्या घरातली बाई कपडे वाळत घालायला खिडकीत येते आणि दर वेळी एकदा माझ्याकडे बघून घेते. माझा कान बंद आहे आणि पोटात शेंगांची टरफलं आहेत, हे मला ठाऊक आहे आणि तुम्हांला ठाऊक आहे. तिला ते कुणी सांगितलेलं नाही.

तुम्ही पाचसहा जण आहात. चाक जरा गंजलं आहे, पण जोर लावलात तर फिरेल. मला तेवढी मागच्या तळ्याकडे वळवा.